सापडलेल्या नाण्यांत आणि दागिन्यांत चांदी किती, हे कसे ओळखावे

जुने नाणे किंवा दागिना हाती लागला की तो घासून लख्ख करण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच आवरायला हवा. चांदीवरचा काळपट थर हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चढलेला असतो. नाण्यावरचा हा थर खरवडला, तर संग्राहकाकडून मिळू शकणारी किंमत घटते, आणि दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत ती धातूच्या किमतीहून कितीतरी जास्त असते. माती साध्या पाण्याने धुऊन कापडाने अलगद टिपावी, तेवढे पुरे. वस्तू जमिनीतून निघालेली असेल, तर तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते का, हे मात्र सर्वांत आधी पाहावे.

दागिन्यावरचा छाप भिंगातून पाहावा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. ८०० आणि ८३५ हेही खरे कस आहेत. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे असतील तर वर केवळ चांदीचा मुलामा आहे, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच. छाप खोटाही असू शकतो, म्हणून झिजलेल्या कडांवर तांबूस किंवा पिवळसर धातू उघडा पडला आहे का, तेही तपासावे.

नाण्यावर सालच बरेच सांगून जाते. ब्रिटिशकालीन भारतीय रुपया १९३९ पर्यंत ९१.७ टक्के चांदीचा होता, १९४० पासून ते प्रमाण ५० टक्क्यांवर आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. हा निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही, पण तांबे-पितळही चिकटत नसल्यामुळे एवढ्यावर निर्णय देऊ नये.

माझ्या मते घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत विश्वासार्ह परीक्षा घनतेची आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर नाणे कोरडे तोलावे. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकता पूर्ण बुडेल असे धरावे. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागले की घनता मिळते. न झिजलेल्या जुन्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते. पाण्यात आकडा सुमारे १.१३ आला, तर घनता साधारण १०.३ निघते आणि कस जुळतो. निम्म्या चांदीच्या रुपयाची घनता ९.५ च्या आसपास येते. खडे जडवलेल्या किंवा पोकळ दागिन्यांना ही परीक्षा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी सराफाकडे यंत्राने तपासणी करून घ्यावी. नायट्रिक आम्ल घरी वापरू नये, कारण ते वस्तूवर डाग पाडते आणि कातडीही जाळते.

किमतीसाठी प्रत्यक्ष वजनाला कसाने गुणावे: ११.६६ ग्रॅमच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. त्याला त्या दिवशीच्या प्रतिग्रॅम भावाने गुणले की धातूची किंमत मिळते. हा भाव ट्रॉय औंसात दिलेला असेल, तर त्याला आधी ३१.१०३५ ने भागावे. दागिन्यातून खडे आणि पोलादी स्प्रिंगचे वजन वजा करावे. खरेदीदार सांध्यातील डाग (जोडण्यासाठी वापरलेला धातू) आणि गाळणीचा खर्च यांपोटी आणखी घट धरतो, म्हणून ती किती धरली हे सौद्याआधीच स्पष्ट विचारून घ्यावे.