बंडलातलं बंडल कसं ओळखायचं

रबाळे सुटलं आणि घणसोली यायच्या आत भाच्याचा मेसेज आला. "मामा, चौदा गेम, बारा डॉलर. उद्यापर्यंतच आहे. घेऊ?" खाली गेमच्या बंडलाचा, म्हणजे एकत्र बांधून स्वस्तात विकलेल्या गेमच्या गठ्ठ्याचा, स्क्रीनशॉट. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने एवढंच टाइप झालं: "थांब. रात्री फोन करतो." रात्री खारघरला फोन लावून त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहून ठेवतोय. दर दिवाळीला हाच प्रश्न मला निदान तिघं विचारतात.

सगळ्यात आधी तो चौदाचा आकडा विसरायचा. मी त्याला एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं. चौदापैकी चार त्याने ऐकलेले होते आणि त्यातले दोन त्याच्याकडे आधीच होते. उरले दोन. म्हणजे बारा डॉलर चौदा गेमचे नाहीत, दोन गेमचे. आता त्या दोघांचा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला रुपयातला भाव बघायचा, आणि आजचा नाही, आजवरचा सगळ्यात कमी. स्टीमडीबी नावाच्या साइटवर प्रत्येक गेमच्या भावाचा आलेख असतो, त्यात भारताचा भावही निवडता येतो. पुष्कळदा तिथेच विषय संपतो.

डॉलरचा हिशोबही कागदावर करावा. समजा डॉलर 85 रुपये, तर बारा डॉलरचे 1,020. कार्डाचा परकीय चलनाचा आकार (शुल्क) साडेतीन टक्के असेल तर 36 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे साधारण साडेसहा. झाले 1,062. काही साइट त्यावर आणखी कर लावतात, तो शेवटच्या पानावरच दिसतो. तुमच्या कार्डाचा आकार वेगळा असेल, बँकेच्या ॲपमध्ये बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट: तुम्हाला नक्की काय मिळणार? फाइल की की? (हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं नाही, मराठीतच ते तसं होतं.) फाइल म्हणजे इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा, तो तुमचा, नेट नसलं तरी गेम लागतो. की म्हणजे अक्षर-आकड्यांची एक ओळ, जी स्टीमसारख्या दुकानात टाकली की गेम तुमच्या खात्यात जमा. खातं आहे तोवर गेम आहे. बंडलाच्या पानावर प्रत्येक गेमच्या चित्राखाली बारीक चिन्हं असतात: विंडोज, मॅक, लिनक्स आणि की कुठल्या दुकानाची ते. 'डीआरएम-फ्री' (म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप नाही) असं लिहिलेलं नसेल तर गेमला कुलूप आहे असंच धरून चाला.

हे मी एवढं घोळून का सांगतो, त्याला कारण आहे. मे 2010. पहिलं हंबल इंडी बंडल आलं. इंडी म्हणजे छोट्या, स्वतंत्र मंडळींनी केलेले गेम. वुल्फायर गेम्सवाल्यांनी काढलेलं. वर्ल्ड ऑफ गू, ॲक्वेरिया, गिश, लुगारू, पेनुंब्रा. भाव तुम्ही सांगाल तो. कुलूप नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे चालणार. आणि पैशातला किती वाटा गेम करणाऱ्यांना, किती धर्मादाय संस्थांना, हे आपण पट्टी सरकवून ठरवायचं. माझ्या पाचपाखाडीच्या घरी तेव्हा जुनाट डेस्कटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्सवाल्याला गेमच्या दुकानात कोणी उभं करायचं नाही, आणि इथे पानावर सरळ दिसत होतं की सरासरी सगळ्यात जास्त पैसे लिनक्सवाले देताहेत! बाबांचं क्रेडिट कार्ड मागितलं. पाच डॉलर, तेव्हाचे सव्वादोनशे रुपये. बाबा म्हणाले, "दुकानदार म्हणतो भाव तुम्हीच सांगा? जांभळी नाक्याच्या बाजारात असं कोणी म्हणालं तर आपण पाकीट सांभाळतो."

बाबा त्या वेळी चुकले. पुढे बरोबर ठरले. नोव्हेंबर 2012मध्ये त्याच हंबल नावाखाली टीएचक्यू या बड्या कंपनीच्या गेमचं बंडल आलं: फक्त विंडोज, फक्त स्टीमची की. माझ्या मशिनवर विंडोजच नव्हतं. 2017मध्ये हंबल आयजीएन या गेमच्या बातम्या देणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. 2021मध्ये वाट्याची पट्टीच काढायचं ठरलं. लोक भडकल्यावर पट्टी राहिली, पण हंबलचा स्वतःचा किमान वाटा त्यात पक्का बसला. पूर्वी सगळे पैसे दानात देता यायचे, ते गेलं. 2022च्या फेब्रुवारीत सभासदांसाठीच्या कुलूप नसलेल्या गेमच्या साठ्यातून मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या काढल्या. मित्र म्हणतात, धंदा आहे, चालायचंच. चालतं ना. लाखो लोकांना स्वस्तात मोठे गेम मिळाले, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की पाटी तीच ठेवून आतला माल बदलला, आणि आम्ही पाटी बघून पैसे देत राहिलो.

म्हणून आता नाव कितीही ओळखीचं असो, दर बंडलाला नव्याने चार गोष्टी बघतो. भाव माझा की त्यांचा? कुलूप आहे का? माझ्या मशिनवर चालेल का? दानाचा वाटा किती? तिसऱ्याचं दुखणं आता बरंच कमी झालंय, कारण 2018पासून स्टीमच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव टाका, लोकांनी अनुभव लिहिलेले असतात. चौथ्यासाठी 'पैसे कुठे जातात' किंवा तशा अर्थाचं बटण शोधा. ते उघडून पट्टी सरकवल्याशिवाय दान साइटने आधीच ठरवलेल्या टक्क्यांवरच राहतं. खरं दान करायचं असेल तर मी आता गेममधून करतच नाही. वेगळे पैसे काढतो, जवळच्या संस्थेत जाऊन देतो, पावती घेतो.

पैसे भरलेच, तर त्याच रात्री बसायचं. उद्यावर टाकायचं नाही. सगळ्या की लगेच वापरून टाका. एका साइटवर (नाव घेत नाही) मी सहा की 'सवडीने बघू' म्हणून ठेवल्या. सवड आठ महिन्यांनी मिळाली. दोन कींची मुदत संपलेली आणि एक भारतात चालणारी नव्हतीच. ग्राहक सेवेचं उत्तर गोड होतं, पैसे आले नाहीत. दोन्ही गोष्टी पानावर लिहिलेल्या होत्या, राखाडी अक्षरांत, अगदी तळाला. तेव्हा 'मुदत' आणि 'प्रदेश' या दोन ओळी पैसे भरण्याआधी वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुमच्याकडे आधीच असलेल्या गेमची की मित्राला द्यायची तर तीही लगेच द्या, आणि साइटच्या नियमात बसतं का ते बघून.

इन्स्टॉलर मिळाला असेल तर तो उतरवून घरातल्या डिस्कवर. 'नंतर उतरवता येईल' यावर विसंबू नका, वर सांगितलेला साठ्याचा किस्सा आठवा. माझी एक टीबीची डिस्क आहे, तिच्यावर मार्करने 'गेम, पुसू नये' लिहिलंय आणि ती कपाटात एलआयसीच्या कागदांखाली असते. फोल्डरला बंडलाचं नाव, तारीख, आत पावतीची पीडीएफ. डाउनलोडच्या पानावर एमडी5 (फाइल पूर्ण उतरली का ते तपासायचा आकडा) दिलेला असेल तर जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल चार वर्षांनी कळून उपयोग नाही.

भाच्याने ते बंडल घेतलं नाही. दोनातला एक गेम सेलमध्ये येईल म्हणून यादीत टाकला. मागच्या रविवारी तो ठाण्याला आला, तेव्हा मी ती डिस्क काढून 2010मधला एक गेम लावायला बसलो. 32 बिटच्या जुन्या लायब्ररी शोधून घालण्यात पाऊण तास गेला. चालला. त्याने दोन लेव्हल खेळल्या आणि म्हणाला, "मामा, याला आवाज नाही का?"

आवाजाचं अजून जमलेलं नाही.