गोधडीची किंमत सांगताना लाजू नका
आधी भाव ठरवा, सगळे तिथेच गंडतात. मी पहिल्या गोधडीला नुसतं कापड न दोरा धरून ७०० सांगितले, पाच दिवस बसून घातलेले टाके फुकटच गेले की! आता डायरीत तास लिहिते, कुरिअर वेगळं लावते, गोधडी जड असते म्हणून आधी वजन करून बघायचं. फोटो सकाळी गॅलरीत काढा, ट्यूबलाइटखाली मरून रंग चॉकलेटी दिसतो न मग गिऱ्हाईक भांडतं. टाक्यांचा एक फोटो अगदी जवळून हवाच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमधे साइज न किंमत टाकून ठेवा, ‘प्राइस प्लीज’ला उत्तरं देत बसावं लागत नाही. कुणी आईच्या जुन्या साड्या दिल्या तर कात्री लावायच्या आधी कुठला पदर वर हवा ते विचारा, आणि अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स घ्याच.