दमदार गाडीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

रुंद, बुटक्या टायरच्या दमदार गाडीत २-३ पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) फरकही स्टीअरिंगला जाणवतो. त्यामुळे 'सगळीकडे ३५ मारा' हे चालत नाही.

आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं किंवा पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे बऱ्याचदा वेगळे असतात. कमी माणसं आणि भरलेली गाडी यांचेही वेगळे. आकडा बार या एककात असेल तर १४.५ ने गुणा, २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय. टायरच्या कडेवरचा 'मॅक्स' आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. टायरचा साइझ बदलला असेल तर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा कडेवरचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

हवा थंड टायरवरच मोजा, म्हणजे गाडी किमान ३ तास उभी असताना. खानापूरहून बेळगावच्या पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेले असतात, म्हणून स्वतःचा डिजिटल गेज आणि १२ व्होल्टचा पंप घ्याच. पहाटे, एका बाजूला ऊन लागायच्या आत मोजा. गेज तिरका बसला की हवा फुसफुसते आणि आकडा कमी दिसतो. सरळ दाबा, आवाज थांबला की वाचा, आणि पुन्हा एकदा मोजा.

पाच माणसं आणि सामान घेऊन हायवेने धारवाड किंवा निपाणीकडे निघालात तर भरलेल्या गाडीचा आकडा धरा. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांसाठी हवा कमी करण्याचा मोह मात्र टाळा. ४० सिरीजच्या (कडेची उंची रुंदीच्या ४० टक्के असलेल्या) टायरची कड रिम आणि खड्डा यांच्यात चिमटली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पावसात कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, तेही लक्षात ठेवा.

आता बारीक जुळणी. घाटात २०-३० मिनिटं चालवून, थांबल्यावर लगेच मोजा. थंड आकड्यापेक्षा ४-५ पीएसआय वाढले तर ठीक. ६ च्या वर गेले तर मुळात हवा कमी आहे. टायरची कड जास्त लवून तापते आहे. दुसऱ्या सकाळी थंड टायरमध्ये १-२ पीएसआय वाढवा. तापलेल्या टायरमधली हवा कधीच सोडू नका, सकाळी टायर बसलेले दिसतील. वाढ २ चीच असेल तर हवा थोडी जास्त आहे, पण स्टिकरच्या खाली उतरू नका. वळणावर पुढचं तोंड बाहेर ओढत असेल म्हणून मागची हवा वाढवणारे बरेच आहेत. ओल्या घाटात त्याने शेपूट सुटते. रस्त्यावर हा प्रयोग नकोच.

घाट संपवून गोव्यात उतरल्यावर गेज पुन्हा लावायची घाई नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे खाली उतरल्यावर गेज १ पीएसआयच्या आसपास कमी दाखवतो, पण तिथली उष्णता तेवढाच परत वाढवते. खरा फरक ऋतूंचा: एप्रिलच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे ३ पीएसआयने कमी भरते. महिन्यातून एकदा मोजाच. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवा बरीच हवा गेल्यावरच पेटतो.