कुत्र्याचं पिल्लू सारखं आजारी पडतंय आणि कारण सापडत नाहीये? या चुका टाळा

दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत जुलाब, वजन काही केल्या वाढत नाही आणि रिपोर्ट म्हणे नॉर्मल. मग माणूस घाबरून सगळंच एकदम करायला लागतो, खाणं बदल, प्रोबायोटिक दे, कोणीतरी सुचवलेलं सिरप पाज, आणि माझ्या मते इथेच सगळा घोळ होतो. चार गोष्टी एकत्र बदलल्या की पिल्लू सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, बिघडलं तरी तेच. एका वेळी एकच बदल करा. नवीन खाणं आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या, नाहीतर त्या बदलानेच पोट बिघडतं आणि आपण म्हणतो याला हेपण पचत नाही.

शीची टेस्ट एकदा निगेटिव्ह आली म्हणून विषय संपवू नका. जिआर्डिया (आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) रोज शीत सापडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांची दोन-तीन ताजी सॅम्पल्स द्यावी लागतात. "जंताचं औषध दिलंय की" हेपण पुरेसं नाही, कारण कॉक्सिडिया या आतड्यातल्या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीवर नेहमीचं जंताचं औषध चालत नाही. आणि जिआर्डियाची ट्रीटमेंट चालू असताना शी लगेच उचला, भांडी-अंथरूण धुवा, पिल्लाला आंघोळ घाला, नाहीतर केसांना लागलेलं चाटून ते परत पोटात जातं आणि आपण औषधाला नावं ठेवतो.

उलटीचं तर विचारूच नका, सगळे सरसकट उलटीच म्हणतात. पोट आत-बाहेर होऊन जोर लावून पडते ती उलटी. पण काही जोर न लावता खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर आलं तर अन्ननलिका सैल पडलेली असू शकते, मेगाइसोफेगस म्हणतात त्याला. त्यात पोटाची औषधं देत बसून काही होत नाही, छातीचा एक्स-रे लागतो, पिल्लाला उभं धरून भरवावं लागतं, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. तोंडी सांगण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दहा सेकंदात कळतं.

तसंच, खाल्ल्यावर पिल्लू गुंगल्यासारखं करतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, वाढ खुंटलीय, हे "जरा मंदच आहे" म्हणून सोडू नका. जन्मतः रक्त यकृताला वळसा घालून जात असेल तर असं होतं आणि त्यासाठी बाइल ॲसिडची (पित्तातल्या आम्लांची) वेगळी रक्ताची टेस्ट असते, उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा.

दुसरे डॉक्टर जरूर गाठा, पण जुने रिपोर्ट आणि औषधांची नावं घेऊन जा. स्टेरॉइड दिलं असेल तर लपवू नका, त्याने खरा आजार झाकला जाऊ शकतो. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको, विषच ते.

वजन आठवड्याला एकाच काट्यावर, लिहून ठेवा.

जुनंच दुखणं आहे म्हणून "उद्या बघू" मात्र करू नका. रक्ताचे जुलाब, पांढऱ्या हिरड्या, पाणीसुद्धा टिकत नाही, असं काही दिसलं की लगेच निघा, लसी पूर्ण नसतील तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. अगदी छोट्या जातीचं पिल्लू न खाता लटपटायला लागलं तर साखर उतरलेली असू शकते, हिरड्यांना थोडा मध चोळा आणि फोन करत करतच दवाखाना गाठा.