लुटुपुटूची बँक भरवताय? या चुका टाळा

दोन टेबलं, एक रबरी शिक्का, वहीच्या पानांची पासबुकं. शाळेच्या आनंदमेळ्यात किंवा गणपतीच्या मांडवाशेजारी एवढ्यावर बँक उभी राहते. आमच्या सोसायटीत पहिल्यांदा भरवली तेव्हा मजा सगळ्यांना आली, पण पैशांबद्दल शिकण्यासारखं पदरात कोणाच्या काही पडलं नाही. कारण आमची बँक फारच प्रेमळ होती.

सगळ्यात आधी, नोटा छापू नका. पाचशेच्या नोटेवर गांधीजींऐवजी गणपती टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 182 खाली गुन्हा आहे. आम्ही चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे 10 रुपये, आणि सुटे पैसे पासबुकात लिहायचे.

दुसरी चूक व्याजाची. फरक पटकन दिसावा म्हणून आम्ही दर फेरीला 10 टक्के दिले. एक फेरी म्हणजे एक वर्ष, त्यामुळे आठव्या फेरीपर्यंत पैसे दुप्पट! खेळून झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, ‘‘एवढं व्याज कुठे मिळतं हो?’’ आम्ही अजाणता दामदुप्पटवाल्यांचीच जाहिरात करत होतो. आता 6 टक्केच ठेवतो. पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील हे काढायला 72 ला व्याजदराने भागायचं. 72 ला 6 ने भागा, 12 वर्षं येतात. मग 12 फेऱ्या भराभर उरकायच्या. शेजारच्या टेबलावर ‘वडापाव’ ठेवून त्याचा भाव दर दोन फेऱ्यांनी वाढवला की व्याजाचा आनंद आपोआप बेताचा होतो.

कर्जाच्या टेबलावर सावकार बसवायला विसरू नका. बँकेच्या रांगेत फॉर्म, ओळखपत्र, जामीन. सावकाराकडे लगेच चिंचोके हातात. रांग लांबली की आयोजक घाबरून दुसरी खिडकी उघडतात. उघडू नका. लोक कंटाळून सावकाराकडे वळतात, तिथेच खरा खेळ सुरू होतो.

इथे फेरी महिन्याची. दोघांचा दर सारखाच सांगा: वर्षाला 12 टक्के. कर्ज 120 चिंचोके, म्हणजे 1,200 रुपये, आणि दर महिन्याला मुद्दलातले 100 परत. सावकार पूर्ण 1,200 वर वर्षभराचं व्याज लावतो: 144 रुपये. बँक उरलेल्या मुद्दलावर लावते: पहिल्या महिन्याला 12, दुसऱ्याला 11, असं उतरत 78. हे फळ्यावर आधी समजावू नका. बारावा हप्ता भरून झाला की दोन पासबुकं शेजारी ठेवा. आमच्याकडे एका काकूंनी दोन्ही बेरजा स्वतः पुन्हा केल्या आणि मग शांतपणे पर्समधून मिक्सरच्या हप्त्याची पावती काढली.

‘पेटी उघडून दाखवा’ असं कोणी म्हणालं की टाळाटाळ नको, दाखवा. ठेवींचे बरेच चिंचोके कर्जात गेलेले असतात, पेटी अर्धी रिकामी असते. मुलं लगेच ‘चोर बँक’ म्हणून ओरडतात. हाच क्षण ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईचा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येत होते, हे आपल्याकडच्या अनेक घरांना आठवतं. विम्याचं संरक्षण तेव्हा 1 लाखाचं होतं. फेब्रुवारी 2020 पासून ते 5 लाख आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, दर ठेवीदाराला दर बँकेत. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून मर्यादा वाढत नाही. हा गैरसमज मोठ्यांतच जास्त.

खेळात फसवणुकीच्या फोनचं टेबल ठेवलंत तर खरा मोबाइल, खरा पिन, खरा आधार नंबर कोणाकडूनही मागू नका, गमतीतसुद्धा नाही. पासबुकावर खोटा पिन लिहून द्या. ‘बक्षीस लागलंय, पैसे घ्यायला पिन टाका’ म्हटलं की निम्मे जण सांगून टाकतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे तेव्हाच सांगा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर पासबुकाच्या मागे लिहायला लावा.

रात्री हिशेब जुळला नाही, तर पेटी पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. पासबुकं तपासा, कोणीतरी काढलेले पैसे जमेच्या रकान्यात लिहिलेले असतात. तरीही दोन-चार चिंचोके कमी भरले, तर बालवाडीतल्या पोरांचे खिसे बघा.