मध्यवस्तीतल्या मोफत संगीत-खाद्य महोत्सवाला कसे जावे

तिकीट नसलेल्या कार्यक्रमाची तयारी तिकिटाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त करावी लागते. तिकीट काढले की खुर्ची ठरते, दार ठरते, किती माणसे येणार हे आयोजकांनाही ठाऊक असते. मोफत महोत्सवात यातले काहीच ठरलेले नसते. शहराच्या मध्यभागी रस्ते बंद करून मंच उभारलेला असतो आणि कोणीही, केव्हाही, कुठल्याही गल्लीतून आत येऊ शकतो. मला हे फार मोलाचे वाटते. आपण २१ जूनला जागतिक संगीत दिन म्हणतो त्याची सुरुवात १९८२ साली फ्रान्समध्ये याच विचारातून झाली: वादकांनी रस्त्यावर येऊन वाजवावे आणि ऐकणाऱ्याला एक पैसाही पडू नये. आज तो दिवस शंभराहून अधिक देशांत साजरा होतो.

पण मोफत आहे म्हणून लोक संध्याकाळी सहज निघतात, गर्दीत अडकतात, मिळेल तिथे उभे राहतात, मिळेल ते खातात आणि कान दुखत घरी येतात. मी अनेक वर्षे अशा महोत्सवांना जाते. लवकर पोहोचणे आणि उभे राहण्याची जागा विचारपूर्वक निवडणे, या दोन गोष्टी साधल्या की बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

आदल्या दिवशी

वेळापत्रक मिळवा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. दाट गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते, तेव्हा पान उघडत नाही. नकाशाही आधीच डाउनलोड करून ठेवा. वेळापत्रकातून तीनच कार्यक्रम निवडा: एक तुमच्या आवडीचा, एक अजिबात न ऐकलेल्या कलाकाराचा आणि एक बरोबर येणाऱ्याच्या पसंतीचा. सगळेच गाठायला गेलात तर दिवस या मंचावरून त्या मंचावर धावण्यात जातो.

कोणते रस्ते बंद आहेत आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता आहे, हे बघून घ्या. स्वतःचे वाहन मध्यवस्तीत नेऊ नका. सार्वजनिक वाहनानेही शक्य असल्यास एक थांबा आधी उतरून चालत जा. सगळ्यात जवळच्या थांब्यावर सगळेच उतरतात. सोबत कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल किंवा फार वेळ उभे राहू शकत नसेल, तर आयोजकांना आधी फोन करून उंच ओटा, उतार आणि बसण्याची राखीव जागा आहे का ते विचारा.

पिशवीत काय घ्यावे

पाण्याची बाटली, टोपी, रुमाल, हात धुण्याचा द्रव, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी रोख रक्कम आणि सुटे पैसे. नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देणेही अडते, म्हणून रोकड हवीच. रिकामा डबा आणि चमचा नेला तर कागदी ताटल्यांचा कचरा वाचतो आणि उरलेले घरी आणता येते. पिशवी छोटी असावी, पुढे अडकवता येईल अशी. पायात जुने, सवयीचे बूट. नवे बूट डांबरावर पाच तास उभे राहण्यासाठी नसतात.

आणि इअरप्लग, म्हणजे कानात घालायचे बोळे. हे खूपजण हसण्यावारी नेतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास ऐकला तर कामाच्या ठिकाणी तो मर्यादेत धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, असे मोजत गेलात की १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक दिले, त्यातही सरासरी १०० डेसिबल हीच कमाल मर्यादा आहे, आणि कानांच्या संरक्षणाची सोय व शांत कोपरा असावा असेही म्हटले आहे. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसता टोचून ठेवलेला प्लग फारसे काम करत नाही. लहान मुलांना कानांवर बसणारे मोठे इअरमफ घाला, प्लग त्यांच्या कानांत नीट बसत नाहीत.

लवकर पोहोचा

पहिला कलाकार मंचावर येण्याआधी तिथे असा. ऊन कमी असेल, स्टॉलवाले निवांत बोलतील, स्वच्छतागृहे स्वच्छ असतील. सुरुवातीच्या वेळा बहुधा नवोदितांना मिळतात. समोर वीस-पंचवीस माणसे असताना जो जीव ओतून गातो, त्याला ऐकायला माणसे हवीत. माझ्या कितीतरी आवडत्या गोष्टी मला दुपारच्या अशा रिकाम्या वेळीच सापडल्या.

आल्याबरोबर सगळ्या परिसराला एक फेरी मारा. बाहेर पडायचे रस्ते, प्रथमोपचार कक्ष, पाण्याची जागा बघून ठेवा. मग चुकामूक झाल्यास भेटायची खूण ठरवा. 'मंचाच्या उजवीकडे' ही खूण होऊ शकत नाही, कारण रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते. स्टॉलही नको, तो आवरला जातो. इमारतीचा कोपरा, पुतळ्याचा चौथरा, असे काहीतरी न हलणारे आणि गर्दीच्या कडेचे निवडा आणि वेळही बांधा: चुकलो तर दर तासाच्या ठोक्याला इथे. फोन लागत नसेल तर साधा मेसेज पाठवा, तो बऱ्याचदा पोहोचतो. मूल बरोबर असेल तर निघतानाच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि तुमचा फोन नंबर त्याच्या मनगटावर लिहा. हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग घाबरलेल्या आईला आठवत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उभे कुठे राहावे

लोक मंचाला खेटून उभे राहायला धडपडतात. कलाकाराचा चेहरा दिसण्याचा आनंद वेगळा, तो मी नाकारत नाही. पण संगीत ऐकायचे असेल तर मंचाच्या समोर, गर्दीच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मिक्सर शोधा. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांनी ऐकून गाणे, तबला, गिटार यांचा तोल साधत असतो. म्हणजे सगळ्यात नीट जुळलेला आवाज त्याच्या आजूबाजूला मिळतो. त्याच्या शेजारी किंवा थोडे मागे उभे राहा, फक्त त्याची नजर अडवू नका. अगदी पुढे गेलात तर मुख्य स्पीकरचा आवाज तुमच्या डोक्यावरून निघून जातो आणि कानी पडतो तो ढोल आणि मंचावरच्या मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, गोंधळ.

खर्जाचे मोठे स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना असतील तर बरोबर मध्यरेषेवर दोघांचा आवाज एकत्र येऊन छातीत धडधडतो. तो नको असेल तर पाच-सहा पावले बाजूला सरका, फरक लगेच कळेल.

मध्यवस्तीत आणखी एक अडचण असते, ती इमारतींची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुमच्या मागे १७ मीटरवर काचेची किंवा दगडी भिंत असेल तर तिला आपटून तोच ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने परत येतो आणि शब्द चिकटल्यासारखे ऐकू येतात. मग ऐकणारे साउंडवाल्याला दोष देतात. मागे झाडे, मोकळी गल्ली किंवा माणसांची गर्दी असेल अशी जागा बघा.

अंतराचाही हिशेब ठेवा. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. वर सांगितलेल्या हिशेबाने स्पीकरपासून दहा पावलांवर असाल तर आणखी दहा पावले मागे येण्याने सुरक्षित वेळ चौपट होऊ शकते.

खाण्याचा क्रम

दिसेल त्या पहिल्या स्टॉलवर घेऊ नका. पूर्ण रांग चालत जा, मग ठरवा. चौघे असाल तर चार वेगळ्या स्टॉलवरून एकेक ताटली घ्या आणि वाटून खा, तरच एका फेरीत महोत्सव चाखून होतो.

लांब पण झपाझप सरकणारी रांग चांगली, कारण तिथले अन्न पडून राहत नाही. पदार्थांची यादी छोटी असलेला स्टॉल बहुधा लांबलचक यादीवाल्यापेक्षा नीट बनवतो. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा हात वेगळा आहे का, गरम पदार्थातून वाफ येते का, थंड पदार्थ बर्फावर आहेत का, एवढे बघा. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवायचे असते. मधल्या कोमट तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांहून अधिक बाहेर राहिलेले अन्न खाऊ नये. तुम्ही डब्यात घेतलेल्यालाही हाच नियम. ॲलर्जी असेल तर काउंटरवरच्या माणसाला विचारून थांबू नका, शिजवणाऱ्याला विचारा, आणि तळण सगळे एकाच तेलात होते का हेही विचारा.

दोन कार्यक्रमांच्या मध्ये मंचावर सामान बदलत असताना सगळा जमाव खायला धावतो. त्या वेळी जाऊ नका. रात्रीच्या मुख्य कलाकाराचे पहिले गाणे सुरू झाले की स्टॉल ओस पडतात. एक गाणे मागून ऐका आणि तेवढ्यात जेवण घेऊन या. स्वच्छतागृहालाही हीच वेळ.

प्रवेश मोफत असला तरी मंच, वीज, साफसफाई यांचा खर्च कोणीतरी उचललेला असतो: पालिका, प्रायोजक, स्टॉलचे भाडे. म्हणून घरून भरल्या पोटी न जाता तिथे काहीतरी विकत घ्यावे असे मला मनापासून वाटते. गाणे आवडलेला कलाकार स्वतःचा अल्बम विकत असेल तर तोही घ्या.

गर्दी आणि आभाळ

एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसे झाली की गर्दी धोक्याकडे झुकते. मोजमाप नको, खूण सोपी आहे: चारही बाजूंनी अंगाला अंग लागू लागले आणि हात चेहऱ्यापर्यंत नेताना अडचण झाली की तिथून निघा. थांबून बघू म्हणू नका. चेंगराचेंगरीत बहुतेक जीव पायाखाली येऊन जात नाहीत. उभ्या माणसाच्या छातीवर दाब येतो, ती फुगू शकत नाही आणि श्वास थांबतो. अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर मुष्टियोद्ध्यासारखे धरा, रेटा येईल तेव्हा त्याच्याशी झुंजू नका, तो ओसरला की तिरके कडेकडे सरका. पडलेला फोन उचलायला वाकू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मंचाचे लोखंडी खांब, तंबू आणि झाडे सोडून पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

परतताना

शेवटच्या गाण्याच्या वीस मिनिटे आधी निघा, किंवा मग चाळीस मिनिटे थांबून. मधल्या वेळेत सगळे शहर एकाच थांब्यावर असते. थांबणार असाल तर आवरणाऱ्या स्वयंसेवकांना भोवतालचे चार कप उचलू लागा. मध्यवस्तीत माणसे राहतात, त्यांच्या खिडक्यांखालून बोलत जाताना आवाज उतरवा.

घरी आल्यावर कानात शीळ वाजत असेल तर त्या रात्री हेडफोन लावू नका, दुसऱ्या दिवशीही कानांना शांतता द्या. शीळ किंवा बधिरपणा दोन दिवसांत गेला नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने एकदम ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी.