दुसऱ्या चेंडूची तयारी: हॉकी गोलरक्षकाची सामन्याआधीची यादी

आदल्या रात्री बॅग भरायची ती अंगावर चढवण्याच्या क्रमानं: जांघेचा गार्ड, किकर्स (बुटांवर चढवायची जाड फोमची आवरणं), पॅड, चेस्ट गार्ड, गळ्याचा गार्ड, हेल्मेट, हातमोजे. प्रत्येक पट्टा ओढून बघायचा. पॅडची बकलं पायाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवीत. आतल्या अंगाला राहिली तर पाय जुळवताना एकमेकांत अडकतात. किकरचा तळव्याखालून जाणारा पट्टा सतत जमिनीवर घासतो, म्हणून एक जादा पट्टा बॅगेत हवाच.

मैदानावर पोचल्यावर आधी टर्फला, म्हणजे कृत्रिम गवताला, हात लावून बघायचा. ओल्या टर्फवर चेंडू घसरत वेगानं अंगावर येतो, कोरड्यावर अडखळतो आणि उसळतो. मग गोलची ओळख करून घ्यायची. रुंदी ३.६६ मीटर, उंची २.१४ मीटर हे पाठ असतं, पण पायांना ते कळलेलं असायला हवं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमानीसारखं सरकायचं आणि मागे न बघता आपण चेंडू व गोलचा मध्य यांच्या रेषेवर आहोत का, हे पुन्हा पुन्हा तपासायचं.

वॉर्म-अपचा सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यावा? माझ्या मते, अडवलेला चेंडू कुठे जातो त्याला. पहिला फटका बरेच जण अडवतात. पॅडवर आदळून चेंडू समोर पडला की गोल होतो तो दुसऱ्या फटक्यावर. म्हणून सरावाचा प्रत्येक फटका किकर तिरका धरून, गुडघा चेंडूवर झुकवून बाजूला काढायचा: डावीकडून आलेला डावीकडे, उजवीकडून आलेला उजवीकडे, मधोमध कधीच नाही. चेंडू आपल्याला लागून बॅकलाइनबाहेर (गोल ज्या रेषेवर असतो त्या मैदानाच्या शेवटच्या रेषेबाहेर) गेला तरी घाबरायचं कारण नाही. खेळ २३ मीटरच्या रेषेवरून सुरू होतो, समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बॅकलाइनवरून चेंडू देऊन गोलवर फटका मारायची संधी, मिळत नाही. बचावपटूनं मात्र मुद्दाम बाहेर घालवला तर मिळतो, हे त्यांना आठवण करून द्यायचं.

बचावपटूंशी बोलणं हा तयारीचाच भाग आहे, आणि नेमका तोच राहून जातो. त्यांना सांगायचं: पहिला चेंडू माझा. तुम्ही चेंडू बघत उभे राहू नका, आपापल्या फॉरवर्डच्या आणि गोलच्या मध्ये या. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, स्टिक जमिनीला टेकलेली हवी, कारण तुमच्या पायाला चेंडू लागला की त्यांना कॉर्नर मिळालाच. कुणी बॅकलाइनवरून आत घुसला तर जवळचा खांब मी पॅडनं बंद करणार, मागे दिलेला पास तुम्ही तोडायचा. हे सगळं सामन्याआधी, एकेकाच्या नावानं ठरवायचं.

पेनल्टी कॉर्नरला माझ्यासह पाचच जण बॅकलाइनमागे. फटका मारणाऱ्याकडे आधी कोण धावणार, त्याची स्टिक कोणती बाजू झाकणार, खांबावर कोण राहणार, हे आधीच पक्कं हवं. धावणाऱ्यानं झाकलेली बाजू सोडून उरलेली बाजू माझी. पहिलाच फटका हिटचा, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर गोलमध्ये जाताना तो ४६० मिलिमीटरच्या वर चालत नाही, तेव्हा आडवं पडून रुंदी झाकता येते. ड्रॅग-फ्लिकला, म्हणजे स्टिकनं ओढत नेऊन उचलून फेकलेल्या चेंडूला, उंचीची अट नाही. तिथे घाईनं आडवं पडलं की वरचा कोपरा मोकळा. २०२१ मध्ये टोकियोत कांस्यपदकाच्या लढतीत भारत ५-४ पुढे असताना जर्मनीला अगदी अखेरच्या सेकंदांत कॉर्नर मिळाला आणि भारताचा गोलरक्षक श्रीजेशनं तो अडवला. त्या एका क्षणासाठी हा सगळा सराव करावा, असं मला मनापासून वाटतं.

पेनल्टी स्ट्रोकचं (एकटा खेळाडू विरुद्ध एकटा गोलरक्षक) थोडक्यात: चेंडू ६.४ मीटरवर, आणि तो खेळला जाईपर्यंत दोन्ही पाय गोलरेषेवर. आधी हलण्याची सवय असेल तर ती सरावातच मोडायची.

शेवटी हेल्मेट घालून, गोलमध्ये उभं राहून, बचावपटूंना एकदा नावानं मोठ्यानं हाका मारायच्या. डीच्या कडेला उभ्या असलेल्यापर्यंत आवाज हेल्मेटच्या जाळीतून नीट पोचतो का, ते त्यालाच विचारायचं.